कॅमो कापड आणि गिअर: प्रिंट सोडून आणखी काय तपासायचं?

नंदानगर_शिलाई
मंडळी, कामाचा प्रश्न आहे. इंदूरात आमचं शिलाईचं छोटं युनिट आहे. आतापर्यंत शाळेचे गणवेश आणि सुरक्षारक्षकांचे ड्रेस शिवत आलो. आता तीन ठिकाणांहून कॅमो (आजूबाजूच्या झाडी-मातीत मिसळून जाणाऱ्या) कपड्यांची विचारणा आहे: जंगलात गस्त घालणारं एक खासगी पथक, पक्षी-छायाचित्रकारांचा एक गट आणि एक पेंटबॉल मैदान. पथकाला शर्ट-पँटबरोबर प्लेट कॅरिअरचं (बुलेटप्रूफ प्लेट ठेवायच्या जॅकेटचं) कव्हर आणि पाऊचही हवेत. पुढेमागे निमलष्करी दलांच्या निविदेत उतरायचा विचार आहे, म्हणून सवय आत्तापासून बरोबर लागावी असं वाटतं.

क्लॉथ मार्केटमध्ये ‘आर्मी प्रिंट’ म्हणून दाखवतात ते बहुतेक पातळ, चमकणारं पॉलिस्टर आहे. काही व्यापारी ‘आयआर वालं’ म्हणून मीटरमागे जवळजवळ दुप्पट भाव सांगतात. प्रश्न असे: कापड कोणतं घ्यावं? ‘आयआर’ म्हणजे नेमकं काय, आणि ते इथल्या इथे कसं तपासायचं? माळव्यासाठी रंग कोणते? आणि शिलाईत कुठे फसतं?

कायदा_कट्टा
कापडाआधी हे वाचा, नाहीतर माल शिवून तसाच पडून राहील. भारतीय सेनेचा नवा डिजिटल कॉम्बॅट पॅटर्न १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाच्या संचलनात पहिल्यांदा दिसला. त्याचं डिझाइन सेनेच्या नावावर नोंदलेलं आहे. डिझाइन कायद्यानुसार हक्क १० वर्षं असतो आणि आणखी ५ वर्षं वाढवता येतो. परवानगी नसलेल्या कोणीही तो प्रिंट छापला, शिवला किंवा विकला तर सरळ बेकायदा. ‘थोडासा बदलून देतो’ म्हणणाऱ्या छपाईवाल्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरा मुद्दा घालणाऱ्याचा. सैनिक नसताना, लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने तसा पोशाख घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ लागतं. ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला हल्लेखोर सैन्याच्या पोशाखात आले होते. त्यानंतर सेनेने नागरिकांना असे कपडे घालू नका आणि दुकानदारांना विकू नका असं जाहीर आवाहन केलं होतं. म्हणून खासगी पथकाला सैन्यासारखं दिसणारं काहीही देऊ नका. खांद्यावर आणि पाठीवर पथकाचं नाव येईल अशी जागा डिझाइनमध्येच ठेवा.

पायदळ_महू
कायदा_कट्टा यांना पूर्ण अनुमोदन. माहितीसाठी भर: सेनेच्या त्या नव्या पोशाखाचं काम निफ्टबरोबर (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) झालं. कापड ७० टक्के कॉटन, ३० टक्के पॉलिस्टर. शर्ट बाहेर सोडायचा, आत कॉम्बॅट टी-शर्ट. आधीच्या कापडापेक्षा हलकं आणि लवकर वाळणारं. प्रिंटची नक्कल नको, पण मिश्रणाचं गणित जरूर घ्या, त्यावर कोणाची मालकी नाही.

बडोद्याचा_रंगारी
आता ‘आयआर’बद्दल, म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. रात्री पाहायची जी दुर्बीण असते तिची ट्यूब साधारण ६०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश पकडते. आपल्या डोळ्याला ७०० च्या पुढचं दिसत नाही. हिरवं पान तिथे एकदम बदलतं. दिसणाऱ्या लाल रंगात ते गडद असतं, पण ७०० ओलांडलं की त्यातून जवळजवळ निम्मा प्रकाश परत येतो. म्हणजे दुर्बिणीत झाडी उजळ दिसते, माती आणि खोडं त्यापेक्षा गडद. कापडातला प्रत्येक रंग तिथे कसा वागतो यावर सगळं ठरतं.

साध्या कॉटनवर रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने छापलेला कॅमो दिवसा उत्तम दिसतो. पण त्या रंगांचं शोषण ७०० च्या आसपास संपतं, त्यामुळे दुर्बिणीत हिरवा, तपकिरी, काळा असे सगळे एकाच पांढुरक्या पट्ट्यात मिसळतात. पॉलिस्टरवरच्या डिस्पर्स रंगाचंही तेच. म्हणून कॉटनच्या भागासाठी व्हॅट रंग वापरतात, तेही सगळे नाही, ज्यांचा आलेख योग्य आहे असे निवडून. पॉलिस्टरच्या भागासाठी डिस्पर्समध्ये किंचित कार्बन ब्लॅक घालावा लागतो. कार्बन जास्त पडला की दिवसा दिसणारे सगळेच रंग मळकट होतात, म्हणून ते प्रमाण ठरवणं हेच छपाईवाल्याचं खरं कसब.

व्हॅटची छपाई दोन टप्प्यांत होते. आधी छापून वाळवायचं, मग कॉस्टिक सोडा आणि हायड्रोच्या (सोडियम हायड्रोसल्फाइट) द्रावणातून काढून लगेच वाफ द्यायची, नंतर ऑक्सिडेशन, आणि शेवटी उकळत्या पाण्यात सोपिंग, म्हणजे साबणाची धुलाई. सोपिंगमध्ये घाई केली की रंगाची अंतिम छटा बसत नाही आणि घासल्यावर रंग सुटतो. नमुना बघताना ओला पांढरा रुमाल दाबून दहा वेळा घासा. हिरवा डाग आला तर तो रोल घेऊ नका.

नंदानगर_शिलाई
रंगारी काका, हे छपाईवाल्याला विचारता येईल. पण माझ्या हातात तयार रोल आला तर तपासू कसं? स्पेक्ट्रोफोटोमीटर आमच्याकडे नाही.

सीसीटीव्ही_छावणी
दुकानात लावलेला साधा नाइट-व्हिजन सीसीटीव्ही कॅमेरा पुरतो. त्याचे एलईडी बहुधा ८५० नॅनोमीटरचे असतात, म्हणजे नेमके आपल्याला हव्या त्या पट्ट्यात. खोली पूर्ण काळोखी करा, चित्र कृष्णधवल झालं का बघा. मग एकाच फ्रेममध्ये चार गोष्टी ठेवा: कापड, कडुनिंबाची ताजी डहाळी, कोरडी काळी माती आणि एक पांढरा कागद. कॅमेरा उजेड आपोआप कमीजास्त करतो, म्हणून वस्तू वेगवेगळ्या फ्रेममध्ये बघून तुलना करू नका.

चांगल्या कापडात हिरवा भाग पानाच्या जवळ जातो, तपकिरी मातीच्या जवळ आणि सर्वांत गडद रंग गडदच राहतो. प्रिंटचे डाग वेगळे ओळखू यायला हवेत. सगळं कापड कागदासारखं पांढरं दिसलं तर व्यापाऱ्याचं ‘आयआर वालं’ खोटं. डहाळी ताजी तोडलेली घ्या, सुकलेलं पान वेगळं वागतं. तीच चाचणी दहा धुलाईनंतर परत करा, कारण पिगमेंटने छापलेला कार्बन धुण्यात निघून जाऊ शकतो.

९४० नॅनोमीटरचे कॅमेरेही असतात. ते आपल्या कामाचे नाहीत, खोक्यावर बघून घ्या.

राजवाडा_नाका
एक शंका. पेंटबॉलवाल्यांना आणि फोटोवाल्यांना रात्रीच्या दुर्बिणीशी काय देणंघेणं? त्यांच्याकडून दुप्पट भाव का घ्यायचा? तिघांना एकच कापड देणं मला पटत नाही.

बडोद्याचा_रंगारी
बरोबर. पेंटबॉलसाठी रिअ‍ॅक्टिव्ह छपाई पुरते, तिथे रंगाचे गोळे फुटतात आणि कपडा रोज धुतला जातो, म्हणजे पक्केपणा आणि फाटण्याची ताकद बघा. गस्ती पथक रात्री फिरतं, शिकारीचा माल नेणाऱ्या टोळ्यांकडेही आज स्वस्त रात्र-कॅमेरे असतात, त्यामुळे तिथे एनआयआर (७०० च्या लगेच पुढच्या अवरक्त पट्ट्यातही मिसळून जाणारं कापड) हवंच. फोटोवाल्यांचा प्रश्न उलट्या टोकाचा आहे, तो कोणीतरी पक्षीवाले सांगतील.

पाणकावळा_सिरपूर
सांगते. पक्ष्यांना अतिनील दिसतं, आपल्याला नाही. धुण्याच्या पावडरीत ‘चमक’ यावी म्हणून ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो अतिनील शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतो. हरीण, नीलगाय यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, पण निळा चांगला दिसतो. म्हणूनच वाघाचा केशरी रंग त्यांच्या डोळ्याला हिरवळीत मिसळून जातो आणि ब्राइटनर लागलेला शर्ट मात्र उठून दिसतो. सिरपूर किंवा यशवंत सागरच्या काठी बसणाऱ्या माणसासाठी प्रिंटपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

तपासणी सोपी: ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च अंधारात कापडावर मारा. निळसर-पांढरं चमकलं की ब्राइटनर आहे. पुष्कळदा तो गिरणीतूनच येतो, छपाईच्या आधी कापड पांढरंशुभ्र करताना. त्यामुळे ऑर्डरमध्ये ‘ओबीए-मुक्त’ (ऑप्टिकल ब्राइटनर नसलेलं) असं लिहूनच घ्या, नंतर तो काढता येत नाही.

आणि कपड्यासोबत धुण्याची चिठ्ठी द्या. रिठ्याचं पाणी किंवा ब्राइटनर नसलेलं द्रव डिटर्जंट. नीळ नाही, खळ नाही, कडक इस्त्री नाही. सावलीत, उलटं करून वाळवायचं.

पायदळ_महू
खळ आणि इस्त्रीचा मुद्दा गस्ती पथकालाही तितकाच लागू, ताई. खळीचा थर आणि दाबून केलेली इस्त्री कापडाचा पृष्ठभाग गुळगुळीत करतात, चमक वाढते आणि एनआयआरचा गुणही बिघडतो. परेडच्या सवयीने पोरं क्रीज पाडतात. पायाची सरळ क्रीज दूरवरून एक उभी रेघ म्हणून दिसते, आणि झाडीत सरळ रेघ नसते.

ग्वाल्हेरी_टेकनपूर
एनसीसीत शिकवतात तेच ना, ‘चीजें क्यों नज़र आती हैं’: आकार, छाया, चमक, बाह्यरेषा, पार्श्वभूमी, अंतर आणि हालचाल. इंदूरच्या अर्ध्या शाळांतल्या कॅडेटांना हे तोंडपाठ असतं. गणवेश शिवणाऱ्याने ती यादी कटिंग टेबलाच्या वर लावावी. कापड त्यातल्या चमक आणि पार्श्वभूमी या दोनच गोष्टी सांभाळतं, बाकी सगळं कट, गिअर आणि माणूस.

अवांतर: खाकीची सुरुवात १८४८ च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेनच्या ‘गाइड्स’ पलटणीने केली. लाल कोटाऐवजी धुळीचा रंग घेतला. एकच रंग, प्रिंट नाही, तरी काम झालं, कारण रंग जमिनीचा होता.

डोळ्याचं_गणित
प्रिंटच्या डागाचा आकार कोणी बोललं नाही. निरोगी डोळा साधारण एक कला (अंशाचा साठावा भाग) इतका कोन वेगळा ओळखतो. याचा अर्थ १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटरहून लहान तपशील दिसत नाही. ५ मिलिमीटरचा डिजिटल चौकोन १७ मीटरच्या पुढे शेजाऱ्यात विरघळतो. मग बारीक चौकोनांचं कापड घातलेला माणूस ५० मीटरवरून एकाच रंगाचा दिसतो, आणि तो रंग आजूबाजूपेक्षा किंचित फिका किंवा गडद असला की बाह्यरेषा स्पष्ट.

म्हणून चांगल्या प्रिंटमध्ये दोन माप असतात. १५ ते २५ सेंटिमीटरचे मोठे पट्टे, ज्यांच्यात फिक्या-गडदाचा फरक भरपूर आहे आणि जे छाती-हात, कंबर-मांडी अशा जोडांवरून आडवे जातात. त्यांच्या कडांवर बारीक पोत, जवळून बघणाऱ्यासाठी. बाजारातल्या प्रिंटमध्ये बारीक पोतच असतो, मोठा पट्टा नसतो.

नमुना १ मीटर कापड भिंतीवर लावून बघू नका. तयार शर्ट-पँट माणसाला घालून १०, ५० आणि १०० मीटरवरून, डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून फोटो काढा आणि कृष्णधवल करून बघा. रंग काढला की फिक्या-गडदाची चूक लगेच कळते.

राजवाडा_नाका
मग सगळीकडे चालेल असा एक प्रिंट का नाही काढत? तिन्ही ग्राहकांचं काम एकात होईल.

पायदळ_महू
हा प्रयोग अमेरिकी सेनेने केला. २००४ मध्ये वाळू, राखाडी आणि फिका हिरवा असा ‘सगळीकडे चालेल’ असा यूसीपी प्रिंट आणला. त्यात काळा नव्हता, गडद तपकिरीही नव्हता, त्यामुळे काही मीटरवरच सगळं मिळून एक फिकट राखाडी ठिपका. बहुतेक जमिनींपेक्षा तो उजळ पडायचा. शेवटी २०१५ पासून ओसीपी आणावा लागला, जो मल्टिकॅम या प्रसिद्ध प्रिंटच्या घराण्यातला आहे: खाकी-तपकिरी पाया, त्यावर हिरवा आणि गडद तपकिरी. सगळीकडे ‘बरा’ चालतो कारण त्याचा पाया सुक्या गवताचा आहे आणि फिक्या-गडदाची रेंज मोठी आहे.

माळव्याची_माती
माळव्यापुरतं बोलायचं तर वर्षाचे तीन वेगळे रंग आहेत. जुलै ते ऑक्टोबर दाट हिरवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गवत पिवळसर-खाकी, सागवानाची पानं तपकिरी होऊन गळायला लागतात. मार्च ते जून काळी माती उघडी, झाडांची करडी खोडं, आणि हिरवं म्हणाल तर टणटणी आणि काही बाभळी. चोरल किंवा रालामंडलच्या उतारावर मे महिन्यात गडद जंगल-हिरवा घालून उभा राहिलेला माणूस दुरूनही नजरेतून सुटत नाही.

म्हणून पाया खाकी-तपकिरी ठेवा, साधारण निम्मा भाग. चौथा भाग मळका ऑलिव्ह. उरलेल्यात गडद तपकिरी आणि थोडी फिकी वाळू. पावसाळ्यात जास्त हिरवं हवं असेल तर वरून झाडपाला लावता येतो. उलट मात्र जमत नाही, हिरव्या कापडाला सुकं गवत लावून ते सुकं दिसत नाही. निखळ काळा रंग टाळा. काळोखातसुद्धा आजूबाजूचं इतकं काळं नसतं आणि काळा ठिपका भोकासारखा दिसतो. गडद तपकिरी घ्या.

रंग जुळवायला करडं कार्ड फ्रेममध्ये ठेवून ढगाळ आणि उन्हात असे दोन्ही फोटो काढा आणि छपाईवाल्याला मातीची व सुक्या गवताची पिशवीच द्या. मोबाइलच्या पडद्यावरून रंग सांगितला तर हिरवा नेहमी चढा येतो.

बारदानवाला
झाडपाल्यावरून: गिलीसूटची (झालरी लावलेल्या, झुडपासारख्या दिसणाऱ्या पोशाखाची) ऑर्डर आली तर ताग वापरा, प्लॅस्टिकची ‘पानं’ नको. प्लॅस्टिक चमकतं आणि सळसळतं. छावणीच्या धान्य बाजारात गव्हाची बी-ट्विल तागी पोती मिळतात, नवं पोतं ५८० ग्रॅमचं. सोयाबीनचं पोतं आता बहुधा प्लॅस्टिकचं असतं, ते घेऊ नका. पोतं उसवा, छापील अक्षरांचा भाग बाजूला काढा, दोन-तीन सेंटिमीटर रुंद आणि तीसेक सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा, आडवे धागे अर्धे ओढून झालर करा. मग उकळत्या पाण्यात रंगवा. दोनतीन छटा वेगळ्या रंगवून मिसळा, एकाच पातेल्यात सगळं रंगवलं तर पुन्हा एकच ठिपका.

पट्ट्या फक्त पाठीवर, खांद्यावर आणि टोपीवर. पोट, छाती, कोपर आणि गुडघ्यावर नाही, तिथे जाड कॅनव्हासचा तुकडा लावा, कारण सरपटताना सगळं तिथेच अडकतं. जाळीच्या गाठी रिकाम्या ठेवा, ताजं गवत खोचायला जागा हवी. तोडलेला पाला उन्हात काही तासांत कोमेजतो आणि पानाची खालची फिकी बाजू वर येते, म्हणून तो दिवसातून बदलावा लागतो.

आणि आग. कोरडा ताग पटकन पेटतो, विडीची ठिणगी पुरते. वजनाने ७ भाग टाकणखार, ३ भाग बोरिक अ‍ॅसिड, १०० भाग कोमट पाणी. पट्ट्या भिजवून, हलकेच पिळून सावलीत वाळवा. एक सुटी पट्टी उघड्यावर काडीने पेटवून बघा: ज्योत काढल्यावर विझायला हवी. हे मीठ पाण्यात निघून जातं, त्यामुळे पावसात भिजला किंवा धुतला की पुन्हा भिजवणं आलं. चिठ्ठीवर हे ठळक लिहा, हा जिवाचा मामला आहे.

राजवाडा_नाका
पथकाच्या साहेबांना कोणीतरी ‘थर्मल कॅमेऱ्यात न दिसणारा’ सूट विकायला बघतंय म्हणे. त्यात तथ्य किती?

डोळ्याचं_गणित
थर्मल कॅमेरा परावर्तित प्रकाश बघत नाही, अंगातून निघणारी उष्णता बघतो, साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा. त्यात प्रिंटचा काहीच संबंध नाही. कापड अंगाला टेकलं की थोड्या वेळात त्वचेच्या जवळच्या तापमानाला येतं आणि दिसायला लागतं. चंदेरी पत्रीचं अस्तर लावलं तर उष्णता आत कोंडते, माणूस घामाने बेजार होतो, आणि बाहेरची पत्री थंड आकाश परावर्तित करून उलट काळा डाग दाखवते. चेहरा, हात आणि मानेतून येणारी गरम हवा वेगळीच.

खरा उपाय अंगापासून दूर, मध्ये हवा खेळेल अशी जाळी. आपल्याकडे जोधपूरची डिफेन्स लॅबोरेटरी आणि कानपूरची डीएमएसआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा अशा बहुवर्णपटी जाळ्यांवर काम करतात, पण त्या मुख्यतः वाहनं आणि ठाण्यांसाठी. अंगात घालायचा सूट ‘न दिसणारा’ म्हणून कोणी विकत असेल तर मोकळ्या मैदानात, पहाटे, अर्धा तास माणूस घालून बसवा आणि कॅमेऱ्याने दाखवा म्हणावं. पहाटे जमीन सर्वांत थंड असते, तेव्हा फसवाफसवी चालत नाही.

पट्टा_आणि_बकल
गिअरकडे वळतो, कारण कपडा उत्तम आणि पाऊच भडक असं नेहमी दिसतं.

प्लेट कॅरिअरच्या कव्हरला ५०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्डुरा, म्हणजे मजबूत नायलॉन कापड, पुरतो. १००० डेनियर घासण्याच्या जागी, म्हणजे तळाला. पाऊच बसवायच्या पट्ट्यांचं माप ठरलेलं आहे: पट्टा २५ मिलिमीटर रुंद, दोन ओळींत २५ मिलिमीटर मोकळी जागा, आणि पट्टा दर ३८ मिलिमीटरवर टाक्याने घट्ट. स्थानिक पट्टा पुष्कळदा २७-२८ मिलिमीटर येतो, मग तीन-चार ओळींत चूक साठत जाते आणि दुसऱ्याचा पाऊच बसत नाही. ३८ च्या जागी ४५ धरलं तर भरलेला पाऊच लोंबकळतो आणि धावताना मांडीवर आपटतो. लाकडी पट्टीवर खुणा करून जिग बनवा, मोजपट्टीने प्रत्येक वेळी मोजू नका.

प्रत्येक जोडावर बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट टाके. धागा बाँडेड नायलॉन, ४० टिकटचा (धाग्याच्या जाडीचा नंबर), सुई १८ नंबर. साधा पॉलिस्टर धागा तिथे घासून तुटतो.

पट्टा नायलॉनचा घ्या, पॉलिप्रॉपिलीनचा चमकतो आणि उन्हात लवकर ठिसूळ होतो. आणि सीसीटीव्हीखाली पट्टा, चेन, वेल्क्रो, बकल सगळं वेगवेगळं ठेवून बघा. कापड पास आणि पट्टे पांढरे, हे हमखास होतं. मग रात्री छातीवर आडव्या पांढऱ्या रेघांची शिडी दिसते. हाच नियम शिलाईच्या धाग्याला: कापड चांगलं, पण धागा एनआयआरमध्ये उजळ असेल तर प्रत्येक शिवण उमटते.

वेल्क्रो उघडताना शांत रानात दूरवर ऐकू जातो. रोज उघडायच्या खिशाला बटण किंवा टक-टॅब द्या, वेल्क्रो फक्त नावाच्या पट्टीला.

शिंपी_परदेशीपुरा
आता शिलाई. कापड १९० ते २२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), रिपस्टॉप (फाट पुढे जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेलं), ७०:३० किंवा त्याच्या आसपास. जीएसएम मोजायला १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून ग्रॅममध्ये वजन करा आणि १०० ने गुणा. आकुंचनासाठी ५० सेंटिमीटरचा चौकोन धुण्याच्या पक्क्या शाईने आखा, तीन वेळा धुऊन वाळवा आणि मोजा. ४८.५ आलं म्हणजे ३ टक्के. त्याहून जास्त असेल तर आधी सॅनफोराइज करून (गिरणीतच आकसवून) मागा, नाहीतर पँट आखूड होऊन बुटाच्या वर येते.

पँटला मियानी (दोन पायांमधला जोड) चौकोनी, वेगळ्या तुकड्याची. सरळ जोड दिला तर उकिडवं बसताना तिथेच उसवतं, आणि फोटोवाले दिवसभर उकिडवेच बसतात. गुडघ्याला दोन डार्ट, आणि पॅड घालायला खालून उघडा खिसा. मागचा आणि पायाचा लांब जोड दुहेरी, आत मुडपलेला, इंचाला ८ ते १० टाके, कोअर-स्पन धागा ७५ टिकट, सुई १४ किंवा १६. सुई बोथट झाली की रिपस्टॉपचा जाड धागा तुटतो आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते. कारागिराला सुई बदलण्याची वेळ ठरवून द्या, मोडेपर्यंत वाट बघू देऊ नका.

प्लेट कॅरिअर घालणाऱ्यांना छातीवर खिसे देऊ नका, ते खाली दबतात. दंडावर तिरके खिसे द्या. बटणं पट्टीवर ओवलेली, लांबट भोकांची, दोऱ्याने शिवलेली नको.

आणि कटिंग. रोटरी स्क्रीनचा रिपीट (प्रिंट पुन्हा सुरू होण्याचं अंतर) बहुधा ६४ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे जॅकेटच्या पाठीवर तोच डाग वर आणि खाली परत दिसू शकतो. रुंदीत रिपीट लहान असला तर दोन्ही छातींवर एकाच उंचीवर एकसारखे डाग येतात आणि डोळा तिथेच थांबतो, कारण जोडी लगेच नजरेत भरते. मार्कर (कापण्याचा आराखडा) टाकताना डावा पुढचा भाग लांबीत १०-१५ सेंटिमीटर सरकवा. खिशाचा प्रिंट शर्टाशी जुळवायचा हट्ट सोडा, पण खिशाच्या कडेला एकसंध गडद पट्टी येऊ देऊ नका. कापड थोडं जास्त जातं, ते भावात धरा.

पायदळ_महू
शेवटचा हात माणसाचा, म्हणून पथकाला हेही सांगा. चेहऱ्याच्या रंगात उंच भाग गडद (कपाळ, नाक, गालाची हाडं, हनुवटी) आणि खोलगट भाग फिका (डोळ्याभोवती, नाकाखाली, हनुवटीखाली). अनेक जण उलट करतात. कान, मानेची मागची बाजू आणि हाताची पाठ विसरतात. आता वरून ड्रोन बघतो, त्यामुळे टोपीचा माथा, खांदे आणि सॅकचं झाकण यांवर मोठे पट्टे हवेत. बाजारात सॅकचं झाकण बहुधा एकरंगी असतं.

नंदानगर_शिलाई
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी एका जागी सांगत नाही. आता ठरवतोय ते असं. पथकासाठी ७०:३० रिपस्टॉप, व्हॅट-डिस्पर्स, खाकी-तपकिरी पाया, स्वतःचा प्रिंट. फोटोवाल्यांना तोच प्रिंट, ओबीए-मुक्त कापडावर, एनआयआर नको. पेंटबॉलला रिअ‍ॅक्टिव्ह. छपाईवाला पहिल्याच फेरीत ५०० मीटर घ्या म्हणतोय. घेऊ का?

बडोद्याचा_रंगारी
नाही. आधी २०-२५ मीटरचा स्ट्राइक-ऑफ (मशीनवरचा छपाई नमुना) मागा आणि त्याचे पैसे द्या, फुकट मागितला तर तो टेबल-प्रिंट (टेबलावर हाताने छपाई) करून देईल आणि मशीनवर रंग वेगळा येईल. त्यातून तीन सेट शिवा, धुवा, सीसीटीव्ही आणि अतिनील टॉर्चखाली बघा, उरलेला तुकडा दोघांच्या सह्या करून अर्धा-अर्धा ठेवा. बिलावर लिहून घ्या: रंगाचा धुण्याचा पक्केपणा ग्रेड ४ किंवा वर, ओल्या घासण्याचा किमान ३, उन्हाचा ५ किंवा वर, आकुंचन ३ टक्क्यांच्या आत. प्रत्येक लॉटवर नंबर, आणि एका सेटमध्ये दोन लॉटचं कापड येऊ देऊ नका. दिवसा जुळलेले दोन लॉट कॅमेऱ्याखाली वेगळे पडतात आणि मग पँट उजळ, शर्ट गडद.

शिंपी_परदेशीपुरा
आणि तीन सेटमधला एक सेट पथकातल्या सगळ्यांत धिप्पाड माणसाच्या मापाचा शिवा. मियानी आणि खांद्याची चूक बारीक माणसावर कळत नाही.

नंदानगर_शिलाई
स्ट्राइक-ऑफच घेतो. ८५० चा कॅमेरा आणि ३६५ ची टॉर्च आज मागवली. सिरपूरच्या ताई, धुण्याच्या चिठ्ठीचा मजकूर हिंदी-मराठी दोन्हीत करतो, इथेच टाकीन. नजर टाका.

पाणकावळा_सिरपूर
जरूर. चिठ्ठी कागदाची नको, कॉलरच्या आतल्या बाजूला सॅटिनच्या लेबलवर छापा. पण आधी त्या लेबलवरही टॉर्च मारून बघा, पांढरं सॅटिन सर्वांत जास्त चमकतं.